पास्काची मेणबत्ती: मेणाची, तेलाची, की आकडे बदलून तीच पुन्हा?

फेब्रुवारी संपत आला की चर्चचं सामान विकणाऱ्या दुकानांकडून पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायला लागतात. सोनेरी क्रूस, लाल अल्फा-ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), खाली कोकरू, बाजूला द्राक्षांचे घोस. फोटोत सगळ्याच छान दिसतात. घेणारा दोनच गोष्टी विचारतो: किती इंची, आणि केवढ्याला? बाकीचं कळतं ते ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी रात्री ती पेटवताना, अंगणातल्या शेकोटीपाशी, भर वाऱ्यात. वात पेट घेत नाही, मेणबत्तीत खोवायचा धुपाचा खिळा अर्ध्यावर अडतो, मेणबत्ती स्टँडमध्ये डुगडुगते आणि मागे अख्खं गाव अंधारात उभं असतं.

बाजारात चार प्रकार मिळतात: निव्वळ मधमाशीच्या मेणाची, मिश्र मेणाची, पॅराफिनची आणि आत तेलाची डबी असलेली प्लॅस्टिकची नळी. पाचवा प्रकार विकत मिळत नाही, तो सॅक्रिस्टीतच, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीतच, तयार होतो. गेल्या वर्षीचीच मेणबत्ती पुसायची, जुना आकडा नखाने खरवडायचा आणि नवा चिकटवायचा. हे पाचही प्रकार इथे पारखले आहेत. दिसायला कोणती बरी, यापेक्षा जे सांगायला ती तिथे उभी करतात ते तिच्याकडून सांगितलं जातं का, यावर.

सांगायचं काय असतं? पुनरुत्थान. प्रवचनात ते शब्दांत येतं, पण त्या रात्री पहिलं प्रवचन मेणबत्तीच करते आणि तेही बायबलच्या वाचनांच्या आधी. म्हणूनच रोमच्या उपासनाविषयक खात्याने 1988 साली पास्काच्या सणांबद्दल जे परिपत्रक काढलं, त्यात मेणबत्तीसाठी मोजक्या पण कडक अटी घातल्या. मेणबत्ती मेणाचीच हवी, कृत्रिम चालणार नाही. दर वर्षी नवी हवी. एकच हवी. आणि ख्रिस्त जगाचा प्रकाश आहे हे लांबूनही कळेल एवढी मोठी हवी. खरेदी करताना हा कागद जवळ ठेवला तर निम्मे प्रश्न सुटतात. पुढचं सगळं या अटींच्या अनुषंगानेच.

आधी तेलाची नळी, कारण सध्या तिचीच चलती आहे. बाहेरून मेणासारखी दिसणारी पांढरी नळी, आत द्रव पॅराफिनची डबी, वर छोटी वात. फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ओघळ येत नाही, पंख्याखाली ज्योत त्यातल्या त्यात सरळ राहते, मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ती वाकत नाही आणि एकदा घेतली की दहा वर्षं तेलाशिवाय खर्च नाही. अडचण या शेवटच्या फायद्यातच आहे. ती कमी होत नाही. पहिल्या दिवशी जेवढी उंच तेवढीच पन्नासाव्या दिवशी, पेन्टेकॉस्टच्या सणाला, तेवढीच पुढच्या ईस्टरला. त्या रात्री वाचनांच्या आधी गातात त्या पास्काच्या घोषगीतात ही मेणबत्ती देवाला अर्पण म्हणून दिली जाते, आणि मधमाश्यांच्या कामाचा त्यात दोनदा उल्लेख येतो. उजेड देताना ती स्वतः वितळते, हा त्या अर्पणाचा गाभा. क्रूस आणि पुनरुत्थान एकाच वस्तूत दिसतात ते त्या वितळण्यामुळे. डबीत तेल भरणाऱ्या नळीसमोर ते गीत म्हणताना गाणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. त्यातून मिरवणुकीत जरा कलली की डबीच्या झाकणातून तेल झिरपतं आणि डीकनच्या, म्हणजे धर्मगुरूच्या सहायकाच्या, पांढऱ्या झग्यावर पडतं. कृत्रिम नको, या अटीत ती बसत नाही. पाचपैकी एक गुण, आणि तोही सरळ जळते म्हणून.

बॅटरीवरच्या दिव्याबद्दल लिहायची गरज नसावी. त्याच्यावरून दुसरी मेणबत्ती पेटत नाही, विषय संपला.

पॅराफिनची मेणबत्ती आपल्याकडे सगळ्यात जास्त खपते. अटींत बसते, कारण पॅराफिन हेही मेणच. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, रंगकाम छान उठून दिसतं. पण तिचे तीन दोष आहेत. पहिला ठिसूळपणा: खिळा घालताना तडा जातो आणि तो क्रुसाच्या मधोमध जातो, म्हणजे नेमका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुसरा धूर: वात जाड असली तर वेदीमागच्या भिंतीवर काजळीचा पट्टा उठतो. तिसरा, कमी दर्जाचं पॅराफिन पन्नास अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, त्यामुळे एप्रिलमध्ये नागपूरकडे किंवा बंद गाडीच्या डिकीत तिचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. स्टिअरिन (चरबी-तेलांपासून काढलेला टणक पदार्थ) मिसळलेलं पॅराफिन जास्त टणक असतं आणि कमी ओघळतं, म्हणून पॅराफिनच घ्यायची तर दुकानदाराला स्टिअरिन आहे का ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुकान बदला. पाचपैकी तीन.

मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती महाग असते, तरी आमचं मत तिच्याच बाजूने. मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, ज्योत पिवळसर आणि स्थिर, आणि पेटल्यावर मधाचा मंद वास वाचनमंचापर्यंत येतो. खिळा आत जाताना मेण फाटत नाही, बाजूला सरकून जागा देतं. वितळायला वेळ लागत असला तरी पस्तीस अंशांच्या पुढे ते मऊ पडतं, त्यामुळे खिडकीलगत उभी ठेवलेली बारीक मेणबत्ती मेमध्ये कमरेत वाकते. पृष्ठभागावर पांढरट साय येते ती बुरशी समजून कुणीतरी ओल्या फडक्याने घासतं आणि सोनेरी रंग निघून जातो. ती साय शुद्ध मेणाचीच खूण आहे. मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसली की जाते. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो किमतीसाठी.

मिश्र मेणबत्तीवर बहुधा ‘51 टक्के मधमाशीचं मेण’ असं लिहिलेलं असतं. या आकड्यामागे इतिहास आहे: 1904 साली रोमने ठरवलं होतं की पास्काच्या मेणबत्तीत जास्तीत जास्त भाग मधमाशीच्या मेणाचा असावा. पुढे ‘जास्तीत जास्त’चा अर्थ ‘निम्म्याहून जरा जास्त’ असा लावला गेला आणि 51 हा आकडा रूढ झाला. वस्तू वाईट नाही. पैसे बेताचे असतील तर हीच घ्यावी. मात्र लिहिलेलं खरं आहे का ते बघावं. अंगठ्याने जोरात घासून पाहा: मधमाशीचं मेण चिकट होतं, पॅराफिन तेलकट होतं. दुसरी परीक्षा वजनकाट्याची. मधमाशीचं मेण एका घनसेंटिमीटरला साधारण 0.96 ग्रॅम भरतं, पॅराफिन 0.9. तीन इंच जाड आणि 36 इंच उंच मेणबत्ती निव्वळ मधमाशीच्या मेणाची असेल तर चार किलोच्या जवळ भरेल, पॅराफिनची पावणेचारच्या आसपास. साडेतीनच्या खाली काटा राहिला तर ती आतून पोकळ आहे, हे नक्की समजा.

आता मापाचं. ‘मोठी हवी’ ही अट वाचून बरेच जण थेट तीन इंच जाड आणि तीन फूट उंच मेणबत्ती मागवतात, आणि मूळ चूक इथेच होते. हिशेब करून पाहू. मध्यम मोठं गावचर्च धरू. पास्काचा काळ 50 दिवसांचा. त्यात आठ रविवार, दर रविवारी तासाभराच्या तीन मिस्सा (चर्चमधल्या उपासना), म्हणजे 24 तास. उरलेले 42 दिवस रोजची पाऊण तासाची मिस्सा, साडेएकतीस तास. पवित्र शनिवारच्या जागरणाच्या रात्री तीन तास. मग वर्षभरातले स्नानसंस्कार (बाप्तिस्मे), समजा तीस, प्रत्येकी अर्धा तास: 15. मयताच्या मिस्सा वीस: 20. एकूण सुमारे 94 तास. मेणबत्ती ताशी सरासरी 8 ग्रॅम जळते असं धरलं (वातीनुसार हे 6 ते 10 होतं), तर तीन इंची, 36 इंच उंच मेणबत्ती जवळपास 500 तास चालते. वर्ष संपेपर्यंत ती जेमतेम 17 सेंटिमीटर खाली आलेली असते आणि 74 सेंटिमीटर शिल्लक असते.

एवढी शिल्लक बघून कुणाचाही जीव अडकतो. मग पुढच्या वर्षी ‘आकडाच तर बदलायचा आहे’ असं कुणीतरी म्हणतं आणि पाचवा प्रकार जन्माला येतो. त्यामागे कंजूषपणा कमी असतो, चुकीच्या मापाची खरेदी जास्त.

दोन इंच जाड, 24 इंच उंच मेणबत्ती सुमारे 1 किलो 200 ग्रॅमची, 148 तासांची. 94 तासांत ती 39 सेंटिमीटर जळते, 22 उरते. वर्ष निघतं, पण क्रूस आणि आकडे त्या 22 सेंटिमीटरमध्येच बसवावे लागतात, नाहीतर दिवाळीच्या सुमारास ज्योत अल्फापर्यंत येऊन पोहोचते. शिवाय मोठ्या देवळात ती मागच्या बाकावरून काडीसारखी दिसते. अडीच इंच जाड, 24 इंच उंच हे माप आम्हाला सगळ्यात जमलेलं वाटतं: 1 किलो 850 ग्रॅम, 230 तासांच्या आसपास, वर्षात 25 सेंटिमीटर जळते, 36 उरते. क्रुसाला पुरेशी जागा, हातात धरायला पेलवते, स्टँडवर शोभते. रविवारी एकच मिस्सा होणाऱ्या छोट्या चर्चला वर्षभरात वीस-पंचवीस तासच लागतात, तिथे दोन इंच जाड आणि 15 ते 18 इंच उंच मेणबत्ती भरपूर झाली. छोटी पण नवी, ही मोठी पण जुनीपेक्षा केव्हाही सरस.

जाडी ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते आणि दुकानदार ती कधीच सांगत नाही. मेणबत्ती पहिल्यांदा पेटते तेव्हा वातीभोवती वितळलेल्या मेणाचं तळं कडेपर्यंत जायला इंचाला साधारण एक तास लागतो. पहिल्या खेपेला तळं अर्ध्यावर थांबलं तर पुढेही ती तेवढीच जळते, मधोमध बोगदा पडतो, वात खाली बुडते आणि जूनपर्यंत ज्योत बाहेरून दिसेनाशी होते. घरची मेणबत्ती असती तर आदल्या दिवशी तासभर पेटवून घेतली असती. इथे ती सोय नाही. ही मेणबत्ती पहिल्यांदा पेटते ती जागरणाच्या रात्री, नव्या अग्नीवरूनच. तेव्हा आपल्याकडे विधी किती वेळ चालतो त्यावरून जाडी ठरवावी. सगळी नऊ वाचनं घेऊन अडीच-तीन तास चालत असेल तर अडीच इंच निर्धास्त घ्या. वाचनं कमी करून दीड तासात आटोपत असेल तर दोनच्या वर जाऊ नका. (आटोपू नये असंच आमचं म्हणणं. पण बायबलच्या निर्गम ग्रंथातलं लाल समुद्राचं वाचन तरी कधीच गाळता येत नाही, एवढं नियमात आहे.) विधी संपल्यावर ज्योत विझवली की कडेचं मेण अजून ऊबदार असतं. तेव्हाच उंच राहिलेली कड अंगठ्याने आत, वातीकडे दाबून घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे, पण बोगद्यावर याहून चांगला इलाज नाही.

क्रूस आणि आकडे. तयार रंगवलेली मेणबत्ती सोयीची असते, पण त्या रात्री धर्मगुरू टोकदार सळईने क्रूस कोरतात तेव्हा बोलायच्या शब्दांना आधीच छापलेल्या चित्रावर हात फिरवण्याचं रूप येतं. शक्य असेल तर साधी मेणबत्ती घ्यावी आणि पेन्सिलीने हलकी आखणी करून ठेवावी. उभी रेघ, आडवी रेघ, वर अल्फा, खाली ओमेगा. मग चार कोनांत वर्षाचे चार आकडे, 2026 असेल तर: वर डावीकडे 2, वर उजवीकडे 0, खाली डावीकडे 2, खाली उजवीकडे 6. प्रत्येक खुणेबरोबर शब्द ठरलेले आहेत: ख्रिस्त काल आणि आज, आरंभ आणि शेवट, काळ त्याचा, युगे त्याची.

तिथे आकडा येतो तो 33 किंवा त्याच्या आसपासचा नाही. येशू ज्या वर्षी उठला असं मानतात ते साल त्या मेणबत्तीवर कुठेच नसतं. चालू साल असतं. पुनरुत्थान ही जुनी बातमी म्हणून न राहता या वर्षाच्या पगारकपातीत, आजारपणात, भाऊबंदकीत खरी ठरावी लागते, हे चार आकड्यांत त्याहून थोडक्यात सांगता येईल असं वाटत नाही. म्हणून आकडा बदलून वापरलेल्या मेणबत्तीला आम्ही शून्य देतो. खरवडलेल्या जागी मागच्या सालाचा पुसट 5 दिसत राहतो आणि ‘आज’ म्हणत असताना समोर ‘काल’ उभा असतो.

धुपाचे पाच खिळे. सगळ्यात जास्त फजिती होते ती इथे. मेणाच्या लाल टोपीत धुपाचा खडा आणि खाली टोकदार दांडी, असे तयार खिळे पाचाच्या पाकिटात मिळतात. क्रम ठरलेला: पहिला वर, दुसरा मध्यभागी, तिसरा खाली, चौथा डावीकडे, पाचवा उजवीकडे. ‘त्याच्या पवित्र आणि गौरवी जखमांनी’ आपलं रक्षण व्हावं अशी प्रार्थना त्याबरोबर चालते. भोकं आधीच पाडून ठेवायची असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. ती कशी पाडायची ते माहीत नसतं. दाभण किंवा जाड सुई गॅसवर तापवावी आणि सरळ आत घालावी. पॅराफिनला थंड सुई घातली की तडा गेलाच म्हणून समजा. भोक दांडीपेक्षा किंचित बारीक ठेवावं, म्हणजे खिळा घट्ट बसतो. खोली मात्र मोजून घ्यावी: अडीच इंची मेणबत्तीच्या कडेपासून वात सव्वातीन सेंटिमीटरवर असते, भोक दीड सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर वातीभोवतीचं मेण सैल होतं आणि पुढे नेमकं तिथूनच गळायला लागतं. भोकं पाडल्यावर एकदा खिळे घालून, काढून पाहावेत. शनिवारी दुपारी, शेकोटीपाशी नव्हे.

काही ठिकाणी नाजूक नक्षीचे पितळी खिळे वापरतात. दिसतात सुरेख, पण ज्योत जवळ आली की पितळ तापतं आणि भोवतीचं मेण वितळून कड फुटते. मेणाचेच घ्या.

बरीच मंडळी विचारतात की उठलेल्या ख्रिस्ताच्या मेणबत्तीवर जखमा कशाला? विजयाची खूण असताना खिळ्यांची काय गरज? योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडावा. बंद दारांतून आलेला प्रभू थोमा या शिष्याला हात आणि कूस दाखवतो. ओळख पटते ती जखमांवरून. शरीर नवं झालं पण जखमा पुसल्या गेल्या नाहीत. आज विश्वास ठेवणाऱ्याला याचा उपयोग आहे. ‘विश्वास असता तर एवढं दुःख झालं नसतं’ असं शहाणपण शिकवणारे आपल्या आसपास कमी नाहीत, आणि त्यांना उत्तर म्हणून ते पाच लाल ठिपके पुरेसे आहेत. म्हणून खिळे नुसते छापलेले असलेली, धूप नसलेली मेणबत्ती अपुरीच म्हणायची. खड्यावर ज्योत पोहोचली तर त्याचा सुगंध येतो, छापील ठिपक्याचा येत नाही.

रात्रीची तयारी. विधी अंधार पडल्यावरच सुरू व्हायला हवा आणि पहाटेच्या आत संपायला हवा. संध्याकाळी साडेसहाला, सूर्य अजून झाडांत असताना पेटवलेल्या मेणबत्तीचा प्रकाश कुणाला दिसणार? पूर्वी तर हा विधी शनिवारी सकाळीच उरकत असत. 1951 साली पोप पायस बाराव्यांनी तो प्रयोग म्हणून रात्रीवर नेला आणि 1955 च्या सुधारणेने तो तिथे कायमचा झाला. वात पेटण्यासाठी तिचं टोक आधी मोकळं करून ठेवावं. नवीन मेणबत्तीची वात बऱ्याचदा मेणात पूर्ण माखलेली असते, नखाने थोडं मेण काढून सव्वा सेंटिमीटर वात बाहेर ठेवावी. शेकोटीतून थेट पेटवायच्या भानगडीत पडू नये. लांब लाकडी काडीवर ज्योत घ्यावी आणि दोन वेदीसेवकांनी वाऱ्याच्या बाजूने आडोसा करावा. पुढच्या दिवसांत वात सहा मिलिमीटरवर कापत राहावी. काजळी आणि धुराचं मुख्य कारण न कापलेली वात.

मिरवणुकीत मेणबत्ती सरळ धरायची, कारण वर तळं असतं. तीन ठिकाणी थांबायचं: दाराशी, मध्ये आणि वेदीपुढे. दुसऱ्या थांब्यानंतर लोकांच्या छोट्या मेणबत्त्या पेटायला लागतात. इथे नियम एकच, आणि तो आधी ध्वनिक्षेपकावरून सांगून ठेवावा: पेटलेली सरळ ठेवा, न पेटलेली तिच्याकडे कलवा. उलट केलं की वितळलेलं मेण शेजारणीच्या साडीवर. छोट्या मेणबत्त्या पॅराफिनच्या चालतात, सहा-सात इंच, कागदी चकतीसकट. चकतीचं भोक मेणबत्तीपेक्षा किंचित लहान हवं. त्या घोषगीतापर्यंत पेटत्या राहतात, वाचनांना विझतात आणि स्नानसंस्काराच्या वचनांना पुन्हा पेटतात, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे लागत नाही. एकीवरून पाचशे पेटल्या तरी मूळची ज्योत तसूभर कमी होत नाही, हे गीतातही म्हटलं आहे आणि डोळ्यांसमोरही घडत असतं. ‘एकच हवी’ ही अट यासाठीच. चर्चमध्ये जागा पुरत नाही म्हणून सभागृहातल्या पडद्यासमोर दुसरी पास्काची मेणबत्ती उभी करण्याची कल्पना कितीही सोयीची वाटली तरी टाळावी.

पंखे हा आपल्याकडचा खास शत्रू. एप्रिलमध्ये ते बंद करा म्हणता येत नाही. वाचनमंचाजवळचा एकच बंद ठेवला तरी भागतं. नाहीतर मेणबत्तीच्या तोंडावर बसणारी पितळी किंवा काचेची टोपी घ्यावी. ती कड सांभाळते आणि ओघळ थांबवते. आठवड्याला एकदा गरम पाण्यात धुतली नाही तर काजळी मेणात मिसळून तळं काळं पडतं. टोपीचं माप मात्र चुकतंच चुकतं. जाडी डोळ्यांनी ठरवू नका, मेणबत्तीला दोरा गुंडाळा. दोरा 16 सेंटिमीटर भरला तर दोन इंची, 20 भरला तर अडीच, 24 भरला तर तीन. हाच दोरा स्टँडच्या खोबणीसाठी. सैल बसत असेल तर कागद कोंबू नये, मेणाचीच पातळ पट्टी ऊब देऊन बुडाला गुंडाळावी.

पेन्टेकॉस्ट झाला की मेणबत्ती वाचनमंचापासून हलते आणि स्नानकुंडापाशी जाते. आता इतर मिस्सांना ती पेटत नाही. पूर्वी ती प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशीच विझवत असत, त्यामुळे जुनी माणसं अजूनही चाळिसाव्या दिवशी ‘काढा ती’ म्हणतात. पन्नासाव्यापर्यंत ठेवायची. त्यानंतर तिची दोनच कामं: स्नानसंस्कार आणि मयत.

बाळाच्या बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हातातली छोटी मेणबत्ती हिच्यावरून पेटते. शवपेटीपाशीही हीच येते, दुसरी चालत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात जे सांगितलं, की पाण्यात उतरणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठण्यासाठीच, ते या एका वस्तूच्या दोन जागांत दिसतं. त्याच माणसाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकाच खुणेचा उजेड. मयताला नेमकी कुणीतरी वेदीवरची साधी मेणबत्ती आणून ठेवतं, कारण पास्काची कपाटात मागे असते. ती हाताशी ठेवावी. पेटीजवळचं स्टँड बुडाला जड असावं, कारण तिथे गर्दी असते, लोक वाकून हात लावतात, आणि दुःखात कुणाच्या पायाशी काय आहे याचं भान नसतं. पेटीच्या डोक्याकडे, फुलांच्या चक्रांपासून हातभर दूर. कागदी फुलं असतील तर आणखी लांब.

पावसाळ्यात, विशेषतः वसईकडे आणि कोकणपट्टीत, वात दमट होते आणि ऑगस्टमध्ये पेटवली की तडतडते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत पाणी सुटतं. सुती कापडात, कपाटात आडवी ठेवावी. खाली मऊ पट्टी असावी, नाहीतर क्रुसाच्या बाजूचे खिळे दबतात. उंदरांपासूनही सांभाळावी, मेण कुरतडायला त्यांना आवडतं.

मार्चमध्ये नवीन आली की जुनीचं काय? कचऱ्यात नाही, हे सगळ्यांनाच कळतं, पण पुढचं कुणी ठरवत नाही आणि सॅक्रिस्टीच्या कोपऱ्यात सात-आठ बुंधे जमतात. रोममध्ये पोप जुन्या पास्काच्या मेणबत्तीच्या मेणातून कोकऱ्याचा ठसा असलेल्या चकत्या करून आशीर्वाद देत असत. आपल्याकडे सोपा मार्ग असा: खिळे काढून घ्यावेत, उरलेलं मेण दुहेरी भांड्यात, म्हणजे खाली पाणी आणि वर पातेलं ठेवून, मंद आचेवर वितळवावं. थेट आचेवर ठेवलं तर मेण भडकतं. सोनेरी रंगाचे तुकडे आणि काजळी तळाशी बसतात. वरचं मेण जुन्या मलमलीतून गाळून घ्यावं आणि स्नानसंस्काराच्या छोट्या मेणबत्त्यांच्या साच्यात ओतावं. अडीच इंची मेणबत्तीच्या 36 सेंटिमीटर बुंध्यातून किलोभर मेण निघतं, म्हणजे वीस ग्रॅमच्या पन्नासेक मेणबत्त्या. वर्षभराच्या बाळांना पुरून उरतात.